वही कुणाच्या हातात

‘मी देव मानतो, पण कर्मकांड मानत नाही’ हे वाक्य मध्यमवर्गीय मराठी दिवाणखान्यात इतक्यांदा ऐकू येतं की आता त्याला कुणी दाद देत नाही आणि कुणी हरकतही घेत नाही. बोलणारा सहसा सज्जन असतो. संकष्टी सोडून त्याला बरीच वर्षं झालेली असतात, सत्यनारायण तो ‘आईसाठी’ घालतो, आणि माणसानं माणसाशी नीट वागावं हाच खरा धर्म, असं त्याचं मनापासूनचं मत असतं. या वाक्यात खोटं काही नाही. फक्त ते फार स्वस्तात पडतं. ज्यांना ते महागात पडलं, त्यांच्याबद्दलचे लेख या संग्रहात आहेत.

वैयक्तिक श्रद्धा आणि संघटित धर्म असा सामना लावला की निकाल आधीच ठरलेला असतो. एका बाजूला तुकोबा, दुसऱ्या बाजूला मंबाजी. टाळ्या कुणाला पडणार हे सांगायला नको. पण गेल्या पावणेदोनशे वर्षांत महाराष्ट्रात ज्यांनी स्वतःच्या श्रद्धेवर जगून दाखवायचा प्रयत्न केला, त्यांची चरित्रं शेजारी-शेजारी ठेवली की एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. एकट्यानं चांगलं जगायला निघालेल्या माणसाला थोड्याच दिवसांत सोबती लागतात. सोबती आले की सभासदांची वही येते, वर्गणी येते, चावी कुणाकडे ठेवायची हा प्रश्न येतो. संघटना टाळून पुढं गेलेला माणूस मला या सगळ्यांत एकही दिसला नाही. फरक पडला तो वही कुणाच्या हातात राहिली, यानं.

परमहंस सभेपासूनच सुरुवात करू. १८४९ मध्ये मुंबईत ही सभा निघाली. आघाडीवर दादोबा पांडुरंग, म्हणजे मराठी व्याकरणकार दादोबाच. जातिभेद मोडायचा, एक देव मानायचा, मूर्तिपूजा सोडायची असा विचार; आणि सभासद व्हायचं तर ख्रिस्ती भटारखान्यातला पाव सगळ्यांदेखत खायचा. सगळ्यांदेखत म्हणजे सभासदांदेखत, कारण सभा गुप्त होती. बंद दाराआड पाव खाऊन मंडळी आपापल्या घरी जात आणि सोवळ्यात जेवायला बसत. १८६० च्या सुमारास सभासदांच्या नावांची वही चोरीला गेली, नावं फुटणार अशी भीती पसरली आणि सभा विस्कटली. याला भित्रेपणा म्हणून हसणं सोपं आहे. पण वहीतलं नाव बाहेर आलं तर काय होत असे, हे माहीत असल्याशिवाय हसू नये.

काय होत असे ते तीस वर्षांनी पुण्यात दिसलं. १८९० मध्ये पंचहौद मिशनमध्ये एका कार्यक्रमानंतर पाहुण्यांपुढं चहा-बिस्किटं आली. पाहुण्यांत न्यायमूर्ती रानडे होते, लोकमान्य टिळक होते. कुणी चहा घेतला, कुणी कप तसाच बाजूला ठेवला. या साऱ्यामागची कळ गोपाळराव जोशींची, डॉक्टर आनंदीबाईंच्या यजमानांची. पुढं ‘पुणे वैभव’ पत्रात हजर असलेल्यांची नावं छापून आली आणि शहर पेटलं. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, त्यांनी चौकशी नेमली, साक्षी झाल्या, प्रायश्चित्तं ठरली. तोवर ज्यांच्यावर बहिष्कार पडला त्यांच्या घरी श्राद्धाला ब्राह्मण मिळेना, लग्नकार्यं अडली, लेकी माहेरी यायच्या थांबल्या. रानड्यांना आपण पाप केलं असं मुळीच वाटत नव्हतं. तरी मित्रांच्या घरची कोंडी फुटावी म्हणून त्यांनी प्रायश्चित्त घेतलं. सुधारकांनी त्यांना त्याबद्दल कधी माफ केलं नाही, आणि सनातन्यांनी प्रायश्चित्तानंतरही त्यांना आपलं मानलं नाही.

या प्रकरणात मला महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच. रानडे तेव्हा प्रार्थना समाजाचे प्रमुख आधारस्तंभ होते. हा समाज १८६७ मध्ये डॉ. आत्माराम पांडुरंगांनी, दादोबांच्याच धाकट्या भावानं, उघडपणे स्थापला होता. रानडे दर आठवड्याला एकेश्वराची उपासना करत, मूर्तीपुढं हात जोडत नसत, त्यावर व्याख्यानं देत. त्याबद्दल त्यांच्यावर कुणी चौकशी नेमली नाही. निर्गुण माना, सगुण माना, काहीच मानू नका. आपला धर्म त्या बाबतीत मोठा उदार. त्याला खटकला तो चहाचा कप. त्याची पकड देवघरावर नव्हतीच, पंगतीवर होती. कोण कुणाबरोबर जेवतो, मुलगी कुठं देतो, अंत्यविधीला कोण येतो, यावर होती. म्हणजे मनातल्या मनात स्वतंत्र श्रद्धा बाळगणं हे इथं बंड कधी नव्हतंच. त्याला आधीपासून परवानगी होती. आणि ही गोष्ट जुनी झाली असं समजण्याचं कारण नाही. सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा महाराष्ट्राला २०१६ मध्ये करावा लागला, तो हौस म्हणून नव्हे.

जोतीराव फुल्यांनी हे सर्वांच्या आधी ओळखलं होतं. म्हणून १८७३ च्या सप्टेंबरात सत्यशोधक समाज काढल्यावर त्यांचा पहिला ठोस घाव प्रार्थनेवर पडला नाही, लग्नावर पडला. त्याच वर्षीच्या डिसेंबरात भटजीशिवाय पहिलं सत्यशोधक लग्न लागलं. नंतर जुन्नरजवळच्या ओतूरला असंच लग्न झालं तेव्हा गावचे जोशी हक्काची दक्षिणा बुडाली म्हणून कोर्टात गेले. दाव्यात देवाचा प्रश्न नव्हता, उत्पन्नाचा होता. जोतीरावांची स्वतःची श्रद्धा मात्र पक्की होती. या विश्वाला एक निर्मिक आहे आणि त्याच्या-माझ्यामध्ये दलाल नको, हे त्यांचं म्हणणं. १८८८ मध्ये पक्षाघातानं उजवी बाजू गेल्यावर त्यांनी डाव्या हातानं ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ लिहिलं. ते त्यांच्या मृत्यूनंतर, १८९१ मध्ये छापून निघालं. त्यात एका घराचं चित्र आहे. बाई बौद्ध धर्माचा ग्रंथ वाचून बौद्ध झाली, नवऱ्याला बायबल पटलं, मुलीला कुराण, मुलगा सत्यधर्मी. आणि चौघांनी एकाच छपराखाली प्रेमानं राहावं, कुणी कुणाचा द्वेष करू नये. आज, एकविसाव्या शतकात, अशा घराला आपल्या कुठल्या सोसायटीत भाड्यानं जागा मिळेल याचा मी कधी कधी विचार करतो.

पंडिता रमाबाईंवरचा लेख या संग्रहातला सर्वांत मोठा आहे आणि तो तसाच असायला हवा होता. पुराणिक बापाबरोबर पायी तीर्थं फिरत वाढलेली, दुष्काळात आई-बाप गमावलेली, संस्कृतच्या जोरावर कलकत्त्यात ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ झालेली ही बाई १८८३ मध्ये इंग्लंडला गेली. वाँटेजच्या मठात त्यांनी आणि त्यांच्या छोट्या मुलीनं, मनोरमेनं, बाप्तिस्मा घेतला. इकडं पुण्यात हाहाकार झाला, तिकडं मठात आनंद. पण मठाचा आनंद फार टिकला नाही. सिस्टर जेराल्डीन या तिथल्या जोगिणीशी रमाबाईंचा पत्रव्यवहार उपलब्ध आहे, आणि धर्मसंस्था आणि श्रद्धा यांच्यातलं भांडण म्हणजे नेमकं काय हे मराठी माणसाला समजून घ्यायचं असेल तर त्याहून चांगलं साधन मला ठाऊक नाही.

ही भांडणं वरवर बारीकसारीक आहेत. त्रैक्याचा सिद्धांत पटत नाही, मग तो मानते असं कसं म्हणू? गळ्यातल्या क्रुसावर लॅटिन अक्षरं का? मला लॅटिन येत नाही, माझी भाषा का नको? जेवणात मांसाहार नको. मग चेल्टनमच्या कॉलेजात त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावं असा विषय निघाला, तेव्हा हिंदुस्थानातल्या बिशपांनी हरकत घेतली. तिकडच्या लोकांत वाईट दिसेल म्हणे. ज्या बाईनं कलकत्त्यात शास्त्र्यांनी भरलेल्या सभा जिंकल्या होत्या तिला हे सांगितलं जात होतं. रमाबाईंचं उत्तर थोडक्यात असं की, ब्राह्मण पुरोहितांचं जोखड आत्ताच कुठं मानेवरून उतरवलं आहे, आता दुसऱ्या कुणाचं घेणार नाही. मी ख्रिस्ताला मान दिली आहे, चर्चच्या अधिकाऱ्यांना नाही. जेराल्डीनबाईंना यात गर्व दिसला. मला वाटतं थोडा गर्व होताही. पण गर्व नसता तर एवढ्या दूर, परक्या घरात, दुसऱ्यांच्या अन्नावर असताना नाही म्हणण्याचं बळ कुठून आलं असतं?

इथवर गोष्ट आपल्या आवडीची आहे: एकटी बाई आणि दोन-दोन धर्मसंस्था. खरी गोष्ट यानंतर सुरू होते. १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन निघालं, पुढच्या वर्षी ते पुण्याला आलं. विधवांना शिकवायचं, धर्म मध्ये आणायचा नाही, असं ठरलं होतं. सल्लागार मंडळात रानडे आणि भांडारकर होते. पण रमाबाईंच्या सकाळच्या प्रार्थनेला मुली आपण होऊन येऊन बसू लागल्या. दार बंद करायला रमाबाई तयार नव्हत्या. माझ्या घरात मी दार लावून प्रार्थना का करू, हा त्यांचा प्रश्न. ‘केसरी’नं रान उठवलं, १८९३ मध्ये सल्लागारांनी हात झटकले, पालक मुली घेऊन गेले. रमाबाई केडगावला गेल्या. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून त्यांनी उपाशी मुली आणि बायका आणल्या, आणि ‘मुक्ती’ उभं राहिलं: शेती, विहिरी, शाळा, आंधळ्यांची सोय, छापखाना. पुढं त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचं मराठी भाषांतर एकटीनं पुरं केलं, आणि त्याचे खिळे जुळवले ते तिथल्याच बायकांनी.

जिला कुठल्याही मठाची शिस्त मानवली नाही तिनं स्वतः एक मठ उभारला. तिथं नियम होते आणि त्या नियमांच्या वर रमाबाई होत्या. अनाथ, भुकेल्या मुलीनं त्या घरात ख्रिस्ती व्हायला नकार देणं कितपत शक्य होतं, हा प्रश्न टीकाकारांनी तेव्हा विचारला आणि तो विचारण्याजोगाच होता. पटत नाही ते मानते असं कसं म्हणू, हा वाँटेजमध्ये रमाबाईंनी विचारलेला प्रश्न त्यांच्या केडगावात एखाद्या मुलीनं त्यांनाच विचारला असता तर? लेखिकेनं हा प्रश्न टाळलेला नाही आणि त्यासाठी रमाबाईंचा मोठेपणा तिळभरही उणा केलेला नाही. भक्त आणि निंदक या दोघांनाही हा लेख अवघड जाईल.

नारायण वामन टिळकांचं उदाहरण याच्या जोडीला वाचावं. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेला हा कवी मिशनमध्ये राहिला, मिशनचा पगार घेतला, आणि आयुष्याच्या अखेरीस, १९१७ मध्ये, ते सगळं सोडून त्यानं ‘देवाचा दरबार’ काढला. त्यात बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले दोघांनाही जागा होती. दोनच वर्षांत टिळक गेले आणि दरबार मागं राहिला नाही. सोडून जाणाऱ्यांच्या संस्थांचं बहुतेकदा असंच होतं.

या सगळ्यांच्या उलट टोकाला बाबासाहेब आंबेडकर उभे आहेत. दिवाणखान्यातल्या त्या वाक्याला मराठीतलं सर्वांत खणखणीत उत्तर त्यांचंच आहे. नाशिकला काळारामाच्या दारात १९३० साली सुरू झालेला सत्याग्रह पाच वर्षं चालला. १९३५ मध्ये येवल्याला, हिंदू म्हणून मरणार नाही, असं त्यांनी जाहीर केलं, आणि नागपूरची दीक्षा झाली १९५६ मध्ये. मधली एकवीस वर्षं ते स्वतःसाठी श्रद्धा शोधत होते असं मानलं तर हा काळ समजत नाही. स्वतःपुरता बुद्ध त्यांना कधीच सापडला होता. शाळकरी वयातच केळूसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र त्यांच्या हाती दिलं होतं. त्यांना हवी होती ती लाखो माणसांनी एकत्र उभं राहण्याची जागा. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात त्यांनी धर्म आणि धम्म यांत फरक केला तो नेमका याच मुद्द्यावर. धर्म ही खासगी बाब, ती ज्यानं त्यानं आपल्यापाशी ठेवावी, असं म्हणतात. धम्म मात्र मुळातच सामाजिक आहे. माणूस एकटा असेल तर त्याला धम्माची गरज नाही. दोन माणसं आली की ती गरज सुरू होते. आणि संघालाही त्यांनी सोडलं नाही. केवळ स्वतःच्या परिपूर्णतेत मग्न असलेला भिक्खू समाजाच्या काय कामाचा, असं त्यांनी त्याच ग्रंथाच्या आरंभी विचारलं आहे. म्हणजे संघटना हवी, पण तिनं सेवेचा हिशेब द्यावा.

हा हिशेब ज्यानं अक्षरशः पाळला तो माणूस निरक्षर होता. गाडगेबाबांनी देऊळ बांधलं नाही, गादी स्थापली नाही, पाया पडू दिलं नाही, शिष्य केला नाही. दिवसा गाव झाडायचं, रात्री कीर्तनात लोकांनाच प्रश्न विचारून त्यांच्याच तोंडून नवससायासांची वासलात लावायची. आणि तरी पंढरपूर, नाशिक, देहू, आळंदी इथं धर्मशाळा उभ्या राहिल्या. वर्गणी त्यांच्या शब्दावर आली, पण ती विश्वस्तांच्या हाती गेली. घरच्या माणसांना त्यांनी या इमारतींवर हक्क सांगू दिला नाही, आणि पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. त्यांच्या नावाची धर्मशाळा मुंबईत दादरला आहे. टाटा रुग्णालयात उपचार घेणारी गावाकडची माणसं तिथं उतरतात. व्हरांड्यात लुगडी वाळत असतात, भिंतीला टेकून बसलेल्या माणसाच्या मांडीवर तपासण्यांच्या कागदांची जाड प्लॅस्टिकची पिशवी असते, आणि शेजारची बाई तिसऱ्याच कुणाच्या पेशंटसाठी भात बाजूला काढून ठेवत असते. जात, धर्म तिथं कुणी विचारत नाही. विचारतात तो रुग्णालयाचा कागद. मला संघटित धर्माचं हे एक रूप मान्य आहे, त्याला धर्म म्हणा किंवा म्हणू नका. बाकी बाबांचे पुतळे गावोगाव झाले, हाराखाली झाडू दिसेनासा झाला, ते आपल्या रिवाजाप्रमाणं.

शिर्डीबद्दल फार लिहायला नको. पडक्या मशिदीत राहून घरोघर भिक्षा मागणाऱ्या फकिराच्या नावे आज श्रीमंत संस्थान आहे, सोन्याचं सिंहासन आहे, रुग्णालयंही आहेत आणि कारभारासाठी २००४ चा स्वतंत्र कायदा आहे. पंढरपूरला बडवे-उत्पातांचे वंशपरंपरागत हक्क काढून घेणारा कायदा १९७३ मध्ये झाला आणि वाद मिटला २०१४ मध्ये, सर्वोच्च न्यायालयात. वही पुजाऱ्याकडून सरकारकडे गेली. ती भक्ताकडे आली का, हे धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात वर्षानुवर्षं पडलेले विश्वस्तांच्या भांडणांचे चेंज रिपोर्ट (विश्वस्त बदलल्याच्या नोंदीचे अर्ज) पाहिले की कळतं.

वारीचा लेख या संग्रहात नसता तर मी ही प्रस्तावना लिहिली नसती. वारीला आपण उत्स्फूर्त भक्ती म्हणतो. ती तशी मुळीच नाही. दिंड्यांना क्रमांक आहेत, मान ठरलेले आहेत, भिशी आहे, चोपदार आहेत. ज्ञानोबांच्या पालखीची संध्याकाळची समाजआरती एकदा जवळून पाहावी. तळावर सगळ्या दिंड्या गोल उभ्या राहतात, टाळांचा कल्लोळ चाललेला असतो, चोपदार चोप उंचावतो आणि एका क्षणात सगळं थांबतं. ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती मात्र टाळ वाजवतच राहते. चोपदार तिथं जातो, गाऱ्हाणं ऐकतो. मग हरवलेल्या-सापडलेल्या वस्तू पुकारतात आणि त्यानंतर आरती होते. तक्रार ऐकल्याशिवाय देवाची आरती नाही, अशी व्यवस्था असलेली दुसरी धर्मसंस्था मी तरी पाहिलेली नाही. पण याच वाटेवर दिंडीतले ब्राह्मण आणि मराठे वेगवेगळे जेवत हे इरावतीबाई कर्व्यांनी ‘वाटचाल’मध्ये लिहून ठेवलं आहे. पंढरपूरला चोखोबाची समाधी विठ्ठलाच्या देवळाच्या पायरीपाशी, दाराबाहेर आहे, आणि अस्पृश्य मानलेल्या त्यांच्या लोकांना आत जाता यावं म्हणून साने गुरुजींना १९४७ मध्ये प्राण पणाला लावून उपवास करावा लागला. काही तक्रारींचे टाळ शतकानुशतकं कुणाला ऐकू आले नाहीत.

वैयक्तिक श्रद्धेची बाजूही तपासायला हवी, कारण आज तिचाच बाजार तेजीत आहे. देऊळ नको, भटजी नको, माझा आणि माझ्या गुरूंचा थेट संबंध, असं म्हणणारे सुशिक्षित लोक ज्या बुवांच्या पायाशी बसतात त्यांच्याकडे ना पंचायत असते, ना जाब विचारणारी परंपरा. जुना मठ निदान आपल्याच शास्त्राला बांधलेला असतो. डॉ. नरेंद्र दाभोलकर आयुष्यभर सांगत राहिले की आमचा विरोध देवाला नाही, शोषणाला आहे. ऑगस्ट २०१३ मध्ये त्यांचा खून झाला आणि जादूटोणाविरोधी कायदा डिसेंबरात झाला. शोषण देवळातही होतं आणि बंगल्यातल्या सत्संगातही. दुसऱ्या ठिकाणी ते दिसायला वेळ लागतो, एवढंच.

लेखांचा क्रम संपादकांनी सालवारीनं लावला आहे. मला तो पटला नाही आणि त्यांनी तो बदलला नाही. वाचकानं तो मोडावा. हमीद दलवाईंवरचा लेख अगदी शेवटी पडला आहे. तो बाबासाहेबांवरच्या लेखाला लागून वाचावा. १९६६ मध्ये सात मुस्लिम स्त्रियांचा मोर्चा विधानभवनावर नेणारा आणि १९७० मध्ये मुस्लिम सत्यशोधक मंडळ काढणारा हा माणूस स्वतः श्रद्धाळू नव्हता. तरी त्यानं समाज सोडला नाही. कारण तोंडी तलाकानं घराबाहेर पडलेल्या बाईला, मी तुमच्यातला नाही, असं सांगणाऱ्याचा काही उपयोग नव्हता. बाबासाहेब म्हणाले, हे घर सोडल्याशिवाय माणूस म्हणून जगता येणार नाही. दलवाई म्हणाले, मी याच घरात राहीन आणि भांडेन. दोन्ही उत्तरं एकमेकांना छेद देतात. संपादकांनी ती जुळवायचा प्रयत्न केला नाही आणि मीही करणार नाही.